मुलकी आणि गैरमुलकी

परदेशी चाकरी करावयाची तर परवाना लागतो, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. परंतु जामखेडच्या माणसाने आष्टीच्या कचेरीत चाकरी धरावयाची म्हटली, तर एके काळी तोच प्रकार होता. जामखेड इंग्रजांच्या मुलखात, आष्टी निजामाच्या. बोली एक, सोयरीक एक. पण आष्टीचा तो मुलकी आणि जामखेडचा गैरमुलकी!

हा भेद आला कोठून? पहिल्या सालारजंगाने राज्यकारभार सुधारण्यासाठी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेले अधिकारी आणले. मोठ्या जागा त्यांच्याकडे गेल्या आणि स्थानिक मंडळींत असंतोष माजला. पुढे १९१९ च्या फर्मानाने मुलकी नियम पक्के झाले. जो जन्माने संस्थानची प्रजा, तो मुलकी. बाहेरच्याने निदान १५ वर्षे कायम रहिवास करावा आणि मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटकडून साक्षांकित करून घ्यावे. एरव्ही वरची असो वा खालची, कोणत्याही सरकारी जागेसाठी खुद्द निजामाची खास मंजुरी हवी.

या नियमाने बीडच्या माणसाचे किती भले झाले? तो तर जन्माचाच मुलकी. पण दरबारची भाषा उर्दू, १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतून. मराठी कुणब्याच्या पोराला मुलकीपण असून दार बंदच! नियमाने बाहेरच्याला अडवले. आतल्याला वर काढले नाही. आणि नियम सरकारी नोकरीपुरता असल्याने शेतमजुराला, हमालाला दाखला कोणी विचारलाच नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता गेली, १९५० मध्ये राज्यघटना आली. नियम मात्र लगेच गेले नाहीत. १९५२ मध्ये त्यांवरून हैदराबादेत आंदोलन होऊन गोळीबार झाला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. तेलंगणातील वाद पुढेही धुमसत राहिला आणि अखेर १९७३ मध्ये संसदेने हे नियम रद्द केले.

आज बीडचा ऊसतोड मजूर उचल घेऊन कर्नाटकात जातो, त्याला परवाना लागत नाही. हे स्वातंत्र्य थोर आहे. पण त्याची नोंद कोठे असते? बहुधा मुकादमाच्या वहीत. १९७९ च्या स्थलांतरित कामगार कायद्याने परराज्यात मजूर नेणाऱ्या ठेकेदाराला परवाना आणि मजुराला फोटोसह पासबुक सक्तीचे केले होते. असे पासबुक किती कोयत्यांच्या हाती पडले, हे श्रोत्यांनी आपल्याच गावात विचारून पाहावे.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे कागदाचे वैरी नव्हे. माणसाला वेशीवर अडवणारा कागद आम्हांस नको. पण मजुरी बुडाली, अपघात झाला, तर ज्याच्या बळावर त्याला दाद मागता येईल, तो कागद हवा. आणि तो मुकादमाच्या पेटीत नव्हे, मजुराच्या खिशात हवा.