कुत्र्याला सर्टिफिकेट काहाले पायजे?

राजापेठेतल्या काकूंना मी माझा पीएचडीचा विषय सांगितला, तर त्या म्हणाल्या, "आमचा टायगर कोनाले चावत नाही वं पोरी. त्याले दवाखान्यात न्यायला सर्टिफिकेट काहाले पायजे?"

प्रश्न बरोबर आहे. सुरुवातीला कोणाकडेच सर्टिफिकेट नव्हतं. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एक अबोल मुलगा वेळेआधीच आला आणि तिथे असलेल्या जिंगल्स या कुत्र्याशी खेळू लागला. त्यावर त्यांनी 1962 मध्ये लेख लिहिला, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांची थट्टाच केली. जिंगल्सची परीक्षा वगैरे कोणी घेतली नव्हती.

परीक्षा आली ती कुत्रा अनोळखी रुग्णांकडे जायला लागल्यावर. अमेरिकेत इलेन स्मिथ या नर्सनं 1976 मध्ये थेरपी कुत्र्यांची चाचणी आणि नोंदणी करणारी संस्था काढली. पुढे 1990 मध्ये डेल्टा सोसायटीनं 'पेट पार्टनर्स' सुरू केलं. त्यांच्या चाचणीत बसणं-उठणं असतंच, पण खरी कसोटी वेगळी. कोणीतरी वेडंवाकडं कुरवाळतं, मागे धाडकन काहीतरी पडतं, दोन माणसं ओरडून भांडतात, एक जण झोकांड्या खात अंगावर येतो. कुत्रा दचकला तरी चालतं, पण लगेच सावरला पाहिजे. आणि पास होते ती जोडी: कुत्रा आणि त्याचा माणूस. कुत्रा थकलाय हे माणसाला कळलं नाही, तर दोघंही नापास. दर दोन वर्षांनी पुन्हा चाचणी. कच्चं मांस खाणारा कुत्रा चालत नाही, कारण जंतू रुग्णापर्यंत जाऊ शकतात.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे दवाखाना आणि कुत्रा यांचं नातं एकच होतं: रेबीज. इर्विनला कुत्र्यामुळे जायचं म्हणजे इंजेक्शन घ्यायलाच. कसौलीला 1900 मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली, तिथेच डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. आपल्या आईवडिलांच्या पिढीला आठवणारी 'पोटातली चौदा इंजेक्शनं' तीच. क्वचित त्या लसीनंच लकवा व्हायचा. तरी भारतात तिचं उत्पादन थांबायला 2004 साल संपावं लागलं.

मला गंमत वाटते ती या तारखेची. साधारण त्याच सुमारास मुंबईत मानसशास्त्रज्ञ मीनल कविश्वर यांच्या ॲनिमल एंजल्स फाउंडेशननं प्रशिक्षित कुत्रे मुलांच्या उपचारात आणायला सुरुवात केली. चेन्नईत ब्लू क्रॉसनं हाँगकाँगमध्ये 1991 ला जन्मलेला 'डॉक्टर डॉग' उपक्रम आणला. म्हणजे ज्या पिढीनं पोटात सुया घेतल्या, तिच्याच नातवंडांसमोर कुत्रा उपचार म्हणून उभा राहिला! त्यामुळे अमेरिकेत सर्टिफिकेट म्हणजे मुख्यतः शिस्तीचा पुरावा असेल, पण आपल्याकडे त्याला आधी भीतीला उत्तर द्यावं लागतं. लसीकरणाचं कार्ड इथे प्रेमळपणाच्या आधी दाखवावं लागतं, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. खाटेवरच्या माणसाला उठून पळता येत नाही.

काकूंना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन मुद्दाम स्टीलचं ताट फरशीवर सोडलं.

टायगर खाटेखाली गेला. बिस्कीट दाखवूनही पंधरा मिनिटं बाहेर आला नाही.