सायलेन्सर बदलला की ऑक्सिजन सेन्सर किती सांभाळून घेतो?

बाइकला बाहेरचा सायलेन्सर बसवायचा म्हटलं की गॅरेजमध्ये दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "ईसीयू रिमॅप करावाच लागेल." दुसरा, "काही लागत नाही, सेन्सर आपोआप जुळवून घेतो." दोन्ही अर्धेच खरे आहेत. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला हा मुळात फीडबॅक लूपचा प्रश्न वाटतो. लूप कधी चालू असतो आणि कधी बंद, हे कळलं की निर्णय सोपा होतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस६ लागू झालं आणि बहुतेक बाइक कार्बोरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. पूर्वी मिस्त्री स्क्रू फिरवून मिश्रण जुळवायचा, ते काम आता ईसीयू करतो. थ्रॉटल किती उघडलाय, आरपीएम किती, इनटेकमधला दाब किती, यावरून तो आत आलेल्या हवेचा अंदाज बांधतो आणि तेवढं पेट्रोल सोडतो. हो, अंदाजच. हवा थेट मोजणारा सेन्सर बाइकमध्ये सहसा नसतो. म्हणजे तुम्ही सायलेन्सर बदललात हे ईसीयूला थेट कळत नाही.

अंदाज चुकला तर ते सांगायला ऑक्सिजन सेन्सर असतो, बहुतेक वेळा बेंड पाईपमध्ये. धुरातला ऑक्सिजन आणि बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन यांच्यातल्या फरकावर तो व्होल्टेज देतो : मिश्रण लीन (पेट्रोल कमी) असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, रिच (पेट्रोल जास्त) असेल तर ०.९ च्या आसपास. शुद्ध पेट्रोलसाठी १ किलोला १४.७ किलो हवा, ही मधली सीमा. गंमत म्हणजे साधा सेन्सर फक्त "कमी" किंवा "जास्त" एवढंच बोलतो, किती ते सांगत नाही. म्हणून ईसीयू सतत थोडं वाढवतो, थोडं कमी करतो. शिवाय सेन्सर ३०० अंशांच्या वर तापेपर्यंत त्याचं ऐकण्यात अर्थ नसतो.

आता आमच्या चौलचंच बघा. चौलहून नागाव, आक्षी करत अलिबागला जायचं तर रस्ता वाड्यांमधून जातो, वेग ४०-५० च्या पुढे फारसा जात नाही. अशा एकसारख्या चालीत लूप चालू असतो. फक्त मागचा डबा बदललाय (स्लिप-ऑन) आणि कॅटकॉन जागेवर आहे, तर सेन्सर फरक भरून काढतो, रिमॅपवर पैसे घालवू नका. पण तीच बाइक मागे माणूस बसवून कार्ले खिंडीत पूर्ण पिळली, की ईसीयू सेन्सरकडे दुर्लक्ष करून मेमरीतल्या तक्त्यावर चालतो. हा तक्ता कंपनीच्या सायलेन्सरसाठी बनवलेला. बेंड पाईपसकट पूर्ण सिस्टिम बदलली, वर एअर फिल्टरही मोकळा केला, तर इथे मिश्रण लीन होतं आणि इंजिन जास्त तापतं.

त्यात ई२० पेट्रोल. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असल्यामुळे १ किलो इंधनाला साधारण १३.५ किलोच हवा पुरते. लूप चालू असताना सेन्सर हेही सांभाळतो. पण ई२० साठी न जुळवलेल्या बाइकवर, पूर्ण थ्रॉटलला, मोकळा सायलेन्सर आणि ई२० दोघंही मिश्रण लीनकडेच ढकलतात. रिमॅपचा खर्च इथे रास्त आहे.

माझ्या चुलतभावाच्या ३५० सीसीला नवा सायलेन्सर लावल्यावर थ्रॉटल सोडला की फटाके वाजू लागले. गॅरेजवाल्याने लगेच रिमॅप सुचवला. खरं कारण होतं जुनंच वापरलेलं पॅकिंग. जोडाला फट असली की धुराच्या दोन धक्क्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. फट सेन्सरच्या आधी किंवा अगदी जवळ असेल तर त्याला ऑक्सिजन दिसतो, तो "लीन" ओरडतो आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. अ‍ॅव्हरेज पडतं, प्लग काळा होतो, आणि फटाके असतातच. तपासणी फुकटातली आहे : थंड इंजिन चालू करा, जोडावर साबणाचं पाणी सोडा, बुडबुडे दिसतात का बघा. जोडाभोवती काजळी असेल तर तीही खूणच. पॅकिंगऐवजी साधा सिलिकॉन सीलंट मात्र चोपडू नका, त्याच्या वाफा सेन्सर कायमचा खराब करतात.

सेन्सर काढून त्याजागी खोटा सिग्नल देणारा प्लग बसवा, असंही कुणी सुचवेल. त्याने फटाके कदाचित कमी होतील, पण लूप कायमचा आंधळा होतो. नव्या बाइकमध्ये इंजिनचा दिवा पेटू शकतो, तो वेगळा ताप. आणि कॅटकॉन किंवा आतला डीबी किलर काढून आवाज-धुराची मर्यादा ओलांडली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी एक जादा काम : खाऱ्या हवेने बेंड पाईपचे स्टड आणि सेन्सरची चुडी गंजून जाम होतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सेन्सर परत बसवताना ग्रीस फक्त चुडीला, तेही जाम न होण्यासाठी मिळतं ते. टोकाला बोटही लावू नका.