ॲक्युपंक्चर म्हणजे काय? उपचार घेण्यापूर्वी हे जाणून घ्या

तळोजा औद्योगिक वसाहतीत दिवसभर उभे राहून किंवा ओझी उचलून काम करणाऱ्यांना कंबर, मान आणि गुडघेदुखी नवी नाही. गोळ्या घेऊनही दुखणे हटत नाही, तेव्हा कुणीतरी ॲक्युपंक्चरचे नाव सुचवते. पण सुया टोचून दुखणे कमी होते का?

ॲक्युपंक्चर म्हणजे काय?

शरीरावरील ठराविक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याची ही चिनी उपचारपद्धती सुमारे 2000 वर्षे जुनी आहे. शरीरात ‘ची’ नावाची ऊर्जा वाहते आणि तिचा अडथळा दूर केला की आजार बरा होतो, अशी तिची मूळ धारणा आहे. अशी ऊर्जा विज्ञानाला आढळलेली नाही. मात्र सुईमुळे मज्जातंतू उत्तेजित होतात आणि शरीर एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्ये सोडते, असे संशोधक मानतात.

महाराष्ट्राशी नाते

1938 मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचे पथक युद्धग्रस्त चीनमध्ये गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते शल्यचिकित्सक होते आणि 1942 मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते भारतात रुजवले. महाराष्ट्रात 2015 च्या कायद्याने या उपचारकांच्या नोंदणीची तरतूद झाली. 2019 मध्ये केंद्र सरकारनेही या पद्धतीला मान्यता दिली.

उपचारात काय होते?

पहिल्या भेटीत उपचारक तुमचा आजार, चालू औषधे आणि जुने रिपोर्ट पाहतो. मग तुम्हाला झोपवून किंवा बसवून सुया टोचल्या जातात. त्या इंजेक्शनच्या सुईपेक्षा खूपच बारीक आणि भरीव असतात. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते, नंतर जडपणा किंवा झिणझिण्या जाणवू शकतात. साधारण 20 ते 30 मिनिटे सुया तशाच ठेवतात. काही ठिकाणी सुयांना सौम्य वीजप्रवाहही जोडतात. एका भेटीत फरक पडेलच असे नाही. बहुधा काही आठवडे यावे लागते. किती भेटी आणि किती खर्च, हे आधीच विचारून घ्या.

कशासाठी उपयोग होतो?

अर्धशिशी आणि ताणामुळे होणारी डोकेदुखी यांचे प्रमाण कमी होते, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. केमोथेरपीनंतरच्या मळमळीतही काहींना आराम मिळतो. जुन्या कंबरदुखीत मात्र खऱ्या आणि नकली सुयांमधील फरक थोडाच दिसतो. मधुमेह, रक्तदाब किंवा कर्करोग ‘सुयांनी मुळापासून बरा करतो’ असे कुणी सांगितले, तर विश्वास ठेवू नका.

धोके कोणते?

किंचित रक्त येणे, काळेनिळे पडणे किंवा चक्कर येणे हे त्रास किरकोळ आहेत. अकुशल हाताने छातीवर खोल सुई गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. वापरलेल्या सुयांमुळे हिपॅटायटिस बी किंवा एचआयव्हीची लागण होऊ शकते. गरोदरपण, पेसमेकर किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील तर आधीच सांगा.

जाण्यापूर्वी हे तपासा

- उपचारकाची नोंदणी आहे का? प्रमाणपत्र पाहायला मागा.
- निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुयांचे पाकीट तुमच्यासमोर फोडले जाते का?
- वापरलेल्या सुया टोचून न फाटणाऱ्या डब्यात टाकतात का?
- पोटभर जेवून लगेच किंवा अगदी उपाशी जाऊ नका. सैल कपडे घाला.

आधी डॉक्टर केव्हा?

कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर सुयांची वाट पाहू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. ताप आणि झपाट्याने घटणारे वजन यांचीही आधी तपासणी हवी. आणि आराम पडला म्हणून चालू औषधे स्वतःहून बंद करू नका. ॲक्युपंक्चर त्यांच्या जोडीला घ्यायचे, त्यांच्या जागी नव्हे.