गिटारीवर नाव कुणाचं?

सचिनच्या बॅटवर एमआरएफ लिहिलेलं असायचं. एमआरएफ टायर बनवते. पण आमच्या गल्लीतली पोरं आपापल्या बॅटीवर स्केचपेनने तीच तीन अक्षरं काढायची. ती बॅट ज्या कारागिराने तासली त्याचं नाव कुठे होतं, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. मोठ्या माणसाचं नाव आणि विकायचा माल यांची गाठ मारायच्या धंद्याचा सगळ्यात रंगतदार इतिहास मात्र मला क्रिकेटमध्ये नाही, अमेरिकेतल्या गिटारींमध्ये सापडला. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

दोन कंपन्या लक्षात ठेवा. पहिली गिब्सन. १९०२ साली मिशिगन राज्यातल्या कॅलमझू नावाच्या मध्यम आकाराच्या गावात सुरू झालेली. जुनं घराणं, सुतारकामाचा अभिमान. दुसरी फेंडर. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला लिओ फेंडर नावाच्या माणसाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यातून उभी राहिलेली. लिओला गिटार वाजवता येत नव्हती. हे त्याच्या पथ्यावरच पडलं म्हणायचं, कारण वाजवणाऱ्यांना विचारल्याशिवाय त्याचं पान हलत नसे. गिटार बनवायची, आसपासच्या नाचाच्या हॉलमध्ये वाजवणाऱ्या पोरांच्या हातात द्यायची आणि काय खटकतं ते विचारायचं. रेडिओवाल्याची बुद्धी असल्यामुळे त्याने दांडी, म्हणजे नेक, डिंकाने चिकटवली नाही, चार स्क्रूंनी बसवली. बिघडली तर काढा आणि दुसरी लावा. गिब्सनवाल्यांनी नाकं मुरडली.

१९५० मध्ये फेंडरने भरीव अंगाची विजेवर चालणारी गिटार बाजारात आणली. नाव ठेवलं ब्रॉडकास्टर. लगेच ग्रेच कंपनीचा निरोप आला की ते नाव आमच्या ड्रमला आहे. लिओने वकील केला नाही. छापून ठेवलेल्या स्टिकरवरून मॉडेलचं नाव तेवढं कात्रीने कापलं आणि गिटारी विकत राहिला. पुढे टेलिकास्टर हे नाव ठरेपर्यंत काही महिने या गिटारी बिननावाच्या गेल्या. आज शौकीन त्यांना ‘नोकास्टर’ म्हणतात आणि शोधत फिरतात. नाव कापल्यामुळे किंमत वाढली, असंही होतं.

आता गिब्सनकडे. लेस पॉल हा त्या काळचा नावाजलेला वादक. १९४० च्या आसपास त्याने एका लाकडी ओंडक्याला तारा आणि पिकअप लावून स्वतःच भरीव गिटार बनवली होती. ती घेऊन गिब्सनकडे गेलो तेव्हा त्यांनी हसून वाटेला लावलं, असं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. मग फेंडरची गिटार खपायला लागली आणि गिब्सनला लेस पॉल आठवला. १९५१ मध्ये त्याचं आणि मेरी फोर्डचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. १९५२ मध्ये सोनेरी रंगाची ‘गिब्सन लेस पॉल’ आली. करार झाला, नाव छापलं गेलं, आणि लोकांसमोर त्याने गिब्सनच वाजवायची असं ठरलं.

इथपर्यंत सगळं आपल्या ओळखीचं आहे. पुढे बघा.

ती गिटार पडली! १९५८ ते ६० या काळात तिला लाल-पिवळसर छटांचा सुंदर रंग दिला, तरी तीन वर्षांत सुमारे दीड हजारच बनल्या. गिब्सनने मॉडेल गुंडाळलं आणि १९६१ मध्ये टोकदार शिंगांची सडपातळ गिटार त्याच नावाने बाजारात आणली. लेस पॉलला ती आवडली नाही. करार संपला आणि १९६३ पर्यंत त्याचं नाव गिटारीवरून उतरलंही.

मग १९६५ मध्ये लंडनला एरिक क्लॅप्टन नावाच्या विशीतल्या पोराने एक जुनी, वापरलेली लेस पॉल विकत घेतली. का घेतली? फ्रेडी किंग या काळ्या ब्लूज गायकाच्या रेकॉर्डच्या कव्हरवर त्याने तशी गिटार पाहिली होती म्हणून. कंपनीचा माणूस नाही, करार नाही, जाहिरात नाही. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या बँडबरोबर त्याचा अल्बम आला. त्यातला तो जाडसर, रडका, लांबत जाणारा आवाज ऐकून इंग्लंड-अमेरिकेतली पोरं जुन्या लेस पॉल शोधायला लागली. त्या मिळेनात. १९६८ मध्ये गिब्सनला आपलंच बंद केलेलं मॉडेल पुन्हा सुरू करावं लागलं. आज १९५९ ची एक लेस पॉल काही लाख डॉलरला जाते. जिला गिऱ्हाईक नव्हतं, तीच.

या सगळ्या इतिहासात मला हेच पुन्हा पुन्हा दिसतं. कंपन्यांनी नावं विकत घेतली, पण निष्ठा तयार झाली ती स्वतःच्या खिशातून, बहुतेक वेळा सेकंडहँड घेतलेल्या गिटारींमुळे. आणि ती निष्ठा वाद्यावर होती, कंपनीवर नव्हती.

बीटल्सचंच घ्या. जॉन लेननने १९६० मध्ये हॅम्बुर्गला रिकनबॅकर घेतली, स्वतःच्या पैशाने. जॉर्ज हॅरिसनने १९६१ मध्ये लिव्हरपूलला एका खलाशाकडून वापरलेली ग्रेच घेतली. ९ फेब्रुवारी १९६४ ला हे चौघे अमेरिकेत एड सलिव्हनच्या कार्यक्रमात टीव्हीवर आले तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख लोक बघत होते. हॅरिसनच्या गळ्यात ग्रेच होती, तीही चेट ॲटकिन्स या दुसऱ्याच वादकाच्या नावाने विकली जाणारी. असली जाहिरात पैसे मोजून मिळते का? रिकनबॅकरचा मालक तेवढा हुशार निघाला. बीटल्स न्यूयॉर्कला उतरले तेव्हा तो गिटारी घेऊन हॉटेलात गेला आणि हॅरिसनच्या हातात बारा तारांची नवी गिटार पडली. तिचा किणकिणता आवाज त्यांच्या त्याच वर्षीच्या सिनेमात आहे. तो सिनेमा बघून रॉजर मॅग्विनने बारा तारांची रिकनबॅकर घेतली आणि बर्ड्स या बँडचा सगळा आवाज तिच्यावर उभा राहिला. फुकट दिलेल्या एका गिटारीने किती पिकवलं बघा.

आता पैशाची बाजू. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या बलाढ्य रेडिओ-टीव्ही कंपनीने फेंडर १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. हिशेबनीसांचं राज्य आलं. उत्पादन वाढवा, खर्च कमी करा. १९७१ पासून स्ट्रॅटोकास्टरची नेक चाराऐवजी तीन स्क्रूंवर आली. याच काळात जिमी हेन्ड्रिक्सने स्ट्रॅटोकास्टर जगभर पोचवली. डावखुरा माणूस, उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायचा. कंपनीशी त्याचा करार नव्हता. म्हणजे मालाचा दर्जा उतरत होता आणि नाव चढत होतं. मालकाला आणखी काय हवं?

पण वाजवणारा मूर्ख नसतो. त्याने सरळ ‘सीबीएसच्या आधीची’ गिटार शोधायला सुरुवात केली. १९७० मध्ये क्लॅप्टनने नॅशविलच्या एका दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर स्वस्तात उचलल्या. तीन मित्रांना एकेक दिली आणि उरलेल्या तिघींचे चांगले भाग जोडून एक काळी गिटार बनवली. ही ‘ब्लॅकी’ २००४ मध्ये लिलावात ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरला गेली. नेक स्क्रूंनी बसवायची रेडिओवाल्याची युक्ती नसती तर ही जोडाजोड अशी सहज झाली नसती. क्लॅप्टनच्या नावाची फेंडर आली १९८८ मध्ये, म्हणजे नाव होऊन गेल्यावर. आणि सीबीएसने १९८५ मध्ये फेंडर तिथल्याच व्यवस्थापकांना विकली, १ कोटी २५ लाख डॉलरला. वीस वर्षांपूर्वी घेतली त्याहून कमी भावात, आणि फुलर्टनचा कारखाना त्या सौद्यात नव्हताच.

मधल्या काळात जपानी आले. हुबेहूब नकला, दर्जा बरा, किंमत निम्मी. १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा ठोकला, तोही गिटारीच्या डोक्याच्या आकारावरून. प्रकरण तडजोडीत मिटलं. आयबानेझने मात्र त्याच वर्षी जॉर्ज बेन्सनच्या नावाची स्वतःची गिटार आणली आणि दहा वर्षांनी स्टीव्ह वायच्या नावाची. नक्कल करणारा स्वतःची माणसं जोडायला लागला, ही गिब्सनला त्या दाव्यापेक्षा महागात पडलेली गोष्ट.

नावाचा महिमा आपल्यापर्यंतही पोचला. डिप्लोमाला असताना आमच्या खोलीवर एकाकडे कोलकात्याची गिव्हसन होती. हो, गिव्हसन. येणारा प्रत्येकजण आधी डोक्यावरचं नाव वाचायचा, क्षणभर थबकायचा, मग हसायचा. गिटार बरी वाजायची. आणि दुसऱ्या बाजूने बघितलं तर गिब्सनच्या फ्रेटबोर्डला आपल्याकडची शिसव लागते. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकन सरकारने गिब्सनच्या कारखान्यांवर छापा घातला तो भारतातून आलेल्या शिसवी आणि आबनुसी लाकडावरून. त्याआधी २००९ मध्येही मादागास्करच्या आबनुसावरून छापा पडला होता. २०१२ मध्ये ३ लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटलं आणि भारतातलं लाकूड परत मिळालं. गिब्सनने त्या लाकडाच्या गिटारी बनवून ‘गव्हर्नमेंट सिरीज’ नावाने विकल्या! धंद्याची अक्कल म्हणायची की निर्लज्जपणा, तुम्ही ठरवा.

मला स्वतःला या इतिहासात सगळ्यात जास्त लागते ती कॅलमझूची गोष्ट. आपल्या गावचा कारखाना बंद पडताना ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढायला गेले तेव्हा या कारखान्यात बायकांनी हजारो गिटारी बनवल्या. कंपनी मात्र सांगत राहिली की युद्धकाळात आमचं गिटारीचं काम बंद होतं. जॉन थॉमस या अभ्यासकाने नंतर त्या बायकांना शोधून काढलं, त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्याने त्या गिटारींचे चक्क एक्स-रे काढले. आतलं काम आधीच्या आणि नंतरच्या गिटारींपेक्षा बारीक निघालं, असं तो म्हणतो.

१९८४ मध्ये गिब्सनने कॅलमझूचा कारखाना बंद केला आणि सगळं काम दक्षिणेत नॅशविलला नेलं. जिम ड्यूर्लू, मार्व्हिन लॅम्ब, जे. पी. मोट्स आणि काही जण गाव सोडायला तयार नव्हते. त्यांनी त्याच इमारतीत, त्यातल्याच काही यंत्रांवर १९८५ मध्ये हेरिटेज नावाची कंपनी काढली. दशकानुदशकं ज्या हातांनी गिब्सन बनवली, तेच हात आता हेरिटेज बनवू लागले. गिब्सन म्हणणार आकार आमचा, हे म्हणणार हात आमचे. मामला २०२० मध्ये पुन्हा कोर्टात गेला, तेव्हा दावा हेरिटेजने लावला होता.

तोवर गिब्सनची स्वतःची दशा काय होती? टीव्ही-स्पीकरच्या धंद्यात हात घालून कर्ज इतकं झालं की मे २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. दुसऱ्याच वर्षी ‘अस्सलच वाजवा’ असा नकला करणाऱ्यांना दम देणारा व्हिडिओ काढला. वाजवणारेच इतके खवळले की तो मागे घ्यावा लागला. फेंडरचंही सांगतो. आपल्या गिटारींच्या आकारांवर हक्क मागायला ती २००३ मध्ये गेली होती. २००९ मध्ये उत्तर मिळालं की इतकी वर्षं सगळेच हे आकार बनवतायत, आता ते एकट्या तुमचे नाहीत.

१९५० च्या दशकातल्या फेंडरची नेक स्क्रू काढून वेगळी केली की तिच्या टाचेवर पेन्सिलीने लिहिलेली तारीख आणि आद्याक्षरं सापडतात. त्यातली ‘टी जी’ म्हणजे ताडेओ गोमेझ, कारखान्यात नेक घडवणारा कामगार. आज लाखो रुपये मोजणारा शौकीन आधी स्क्रू काढून ही अक्षरं शोधतो. ॲबिगेल इबारा १९५६ मध्ये फेंडरमध्ये लागली आणि पिकअपवर केसासारखी बारीक तार गुंडाळायचं काम करत राहिली. लिओ गेला, सीबीएस आली आणि गेली, ती तिथेच होती. शेवटी शेवटी तर हे पिकअप ॲबीने हाताने गुंडाळलेले आहेत, हे कंपनी महागड्या गिटारींबरोबर मुद्दाम सांगायची. २०१३ मध्ये ती निवृत्त झाली. तिच्या जागी तिनेच शिकवलेली होसेफिना काम्पोस बसली.