राजधानीच्या दगडांत आपला कापूस

मंडळी, मुंबई आपली राजधानी. पण आपल्याकडचा माणूस तिथं जातो तो तीनच कामांनी. मंत्रालय, मोठा दवाखाना, नाहीतर मुलाची नोकरी. काम आटोपलं की रात्रीची गाडी. मागच्या महिन्यात मला एक रविवार मोकळा मिळाला. कॉलेजातला माझा मित्र वीस वर्षांपासून तिकडंच नोकरीला आहे. दोघांनी ठरवलं, टॅक्सी नाही, बस नाही, दिवसभर पायी फिरायचं. आणि फिरताना एकच प्रश्न धरायचा. हे सगळं बांधायला पैसा आला कुठून?

सुरुवात सीएसएमटीपासून केली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, हे शाळेत सगळे शिकलो. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, ती फारशी कुणी सांगत नाही. फौजेच्या खर्चापोटी निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. वऱ्हाड म्हणजे काळी जमीन, आणि काळी जमीन म्हणजे कापूस. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव एवढासा फाटा सुरू झाला, तर उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. तेरा किलोमीटरच्या रुळासाठी व्हाइसरॉय! खामगावच्या बाजारातल्या गाठी बंदरावर लवकर पोचाव्यात, याची घाई किती होती ते यावरून समजा. आज आपण बघतो ती स्टेशनची इमारत त्यानंतरची, १८७८ ते १८८८ मधली.

तिथून चालत हॉर्निमन सर्कलला गेलो. आता मधोमध बाग आहे, बाकांवर लोक डुलक्या घेत होते. पूर्वी इथं मोकळं मैदान होतं आणि त्यावर कापसाच्या गाठी रचलेल्या असायच्या. पुढं हा बाजार कुलाब्याला आणि नंतर शिवडीकडं गेला. हार्बर लाइनवर ‘कॉटन ग्रीन’ नावाचं स्टेशन आहे ना, ती त्याचीच खूण. समोर टाउन हॉल, म्हणजे एशियाटिकची लायब्ररी. तिच्यासमोरच्या वडाच्या झाडांखाली दलाल बसायचे. त्यांचीच पुढं १८७५ मध्ये संघटना झाली, तोच आजचा शेअर बाजार.

खरी गंमत १८६१ ते १८६५ या चार वर्षांतली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना. मँचेस्टरच्या गिरण्या आपल्याकडं वळल्या. गुजरात, खानदेश, धारवाड, वऱ्हाड, जिथला मिळेल तिथला कापूस मुंबईच्या बंदरावर येऊ लागला. भाव आभाळाला भिडले. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात किल्ल्याच्या भिंती पाडल्या गेल्या, नवे रस्ते निघाले, समुद्रात भर घालायच्या कंपन्या निघाल्या. त्यांचे शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पट भावानं विकले गेले.

दुपारी वीर नरिमन रोडनं हुतात्मा चौक ओलांडून ओव्हल मैदानावर आलो. समोर राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद हा त्या काळचा कापसाचा आणि शेअरचा राजा. त्यानं विद्यापीठाला लायब्ररीसाठी दोन लाख आणि टॉवरसाठी दोन लाख दिले आणि टॉवरला आईचं नाव दिलं. मित्र वर बघत म्हणाला, “अबे, मंग हे सारं आपल्याच बोंडातून निघालं म्हन ना!”

सारं नाही, पण बरंच.

आता दुसरी बाजू. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि भाव कोसळला. कंपन्या बुडाल्या, प्रेमचंद स्वतः बुडाला, बँक ऑफ बॉम्बेसुद्धा गुंडाळावी लागली. तरी शहराला इमारती राहिल्या, गोद्या राहिल्या, गिरण्या वाढल्या. शेतकऱ्याकडं काय राहिलं? तेजीत सावकारांनी हात सैल सोडून कर्ज दिलं होतं. मंदी आल्यावर तेच वसुलीला उभे राहिले, त्यात सारावाढ. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली, आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरलं. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. म्हणजे राजाबाई टॉवरचं काम चालू होतं, त्याच वर्षांत घाटावर कर्जाचे कागद जळत होते.

संध्याकाळी हुतात्मा चौकात परत आलो. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथं गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्रासाठी एकूण १०६ जणांनी जीव दिला, तेव्हा १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. स्मारकावर मशाल धरलेले दोघं आहेत, एक कामगार आणि एक शेतकरी. मित्र या चौकातून रोज जातो. तो म्हणाला, “यातला एक शेतकरी हाये, हे आज पायलं.”

मला तिथं वाटलं ते सांगतो. आजही आपल्या बाजार समितीत कापसाला भाव निघतो तो परदेशातली मागणी आणि आयात शुल्काचे निर्णय यांवर हलतो. १८६५ मध्येही असंच होतं. पण आज निर्णय घेणाऱ्यांना आपण निवडून देतो, हा फरक १०६ जणांनी आणि त्यांच्या आधीच्या कितीकांनी मिळवलाय. म्हणून मंत्रालयाच्या रांगेत उभं राहताना उपकार मागायला आल्यासारखं उभं राहू नका. या शहरात आपलीही जुनी गुंतवणूक आहे.

शिक्षक मित्रांना विनंती. सहल मुंबईला नेली की चौपाटी दाखवाच, पण सीएसएमटी ते ओव्हल एवढं पोरांना पायी चालवा. तासाभराचं अंतर आहे, तिकीट लागत नाही.

आणि तुमच्या घरी आजोबा-पणजोबांच्या कापसाच्या गाड्यांच्या, जुन्या जिनिंगच्या आठवणी असतील तर खाली लिहा. त्या आता लिहून ठेवल्या नाहीत तर नंतर सांगायला कुणी राहणार नाही.