झाडावरचं हॉटेल, जकात नाका आणि रविवार

आजचा भाग थोडा खाण्याचा आहे, थोडा रेल्वेचा आणि बराचसा जकातीचा. हो, जकातीचा. तिचा बागेतल्या जेवणाशी काय संबंध, ते पुढे येईलच.

पॅरिसमध्ये आरईआर बी नावाची लोकल लाइन आहे. विमानतळावरून शहरात यायला बरेच जण हीच गाडी पकडतात. कामानिमित्त तिकडे गेलो होतो तेव्हा रोज इंडिकेटर बघायचो, आणि त्यावर एक शेवटचं स्टेशन सारखं दिसायचं: रॉबिन्सन. आजूबाजूची सगळी नावं अस्सल फ्रेंच, जीभ वळवायला लावणारी. त्यात हा रॉबिन्सन कुठून आला? मला वाटलं असेल कुणी इंग्रज साहेब, आपल्याकडे एल्फिन्स्टन रोड होतं तसा. शोधायला गेलो तर निघालं भलतंच. हे नाव एका हॉटेलावरून आलंय. आणि ते हॉटेल झाडावर होतं.

झाडाखाली नाही हं. झाडावर.

गोष्ट १८४८ सालची आहे. पॅरिसच्या मध्यापासून दहा-बारा किलोमीटरवर, नैऋत्येला, प्लेसी-पिके नावाचं एक छोटं गाव होतं. टेकडी, झाडी, आणि चेस्टनटची जुनी, भल्या मोठ्या बुंध्याची झाडं. जोसेफ गेस्कँ नावाच्या एका खानावळवाल्यानं त्यातलं एक झाड निवडलं. फांद्यांच्या आधारानं त्यानं लाकडी माच बांधले, एकावर एक. त्यांना कठडे केले, वर छप्पर घातलं, चढायला जिना केला. माचांवर टेबलं मांडली आणि नाव दिलं ‘ओ ग्रां रॉबिन्सन’, म्हणजे ‘थोरला रॉबिन्सन’.

आता स्वयंपाकघर काही झाडावर नेता येत नाही. ते खालीच. मग जेवण वर कसं जायचं? दोर आणि टोपली. भाजलेली कोंबडी, पाव, दारूची बाटली टोपलीत ठेवायची आणि विहिरीतून पाणी शेंदावं तसं वर ओढून घ्यायचं. या टोपलीनंच गिऱ्हाईक वेडं झालं. जेवण घरी होतं तसंच, पण ते पानांमधून डुलत डुलत वर येतंय म्हटल्यावर त्याची मजा वेगळी. ही टोपली पुढे पिक्चर पोस्टकार्डांवरही झळकली.

आणि रॉबिन्सन नाव का? १७१९ साली डॅनियल डिफोची ‘रॉबिन्सन क्रूसो’ आली. क्रूसो बेटावरची पहिली रात्र झाडावर काढतो, पण पुढे त्याचं घर झाडावर नसतं. झाडावर घर बांधणारं कुटुंब आहे ते ‘स्विस फॅमिली रॉबिन्सन’ मधलं. योहान डेव्हिड व्हीस या स्विस पाद्र्यानं आपल्या मुलांसाठी रचलेली ती गोष्ट १८१२ साली छापली गेली. इझाबेल द मोंतोल्यू या लेखिकेनं दोनच वर्षांत ती फ्रेंचमध्ये आणली आणि ती फ्रेंच घराघरात वाचली गेली. म्हणजे १८४८ साली तिथे जेवायला येणाऱ्या पंचवीस-तीस वर्षांच्या माणसानं ही गोष्ट लहानपणी वाचलेली किंवा ऐकलेली असायची चांगलीच शक्यता. गेस्कँ त्याला लहानपणीचं स्वप्न विकत होता, सोबत कोंबडी.

इथपर्यंत ही एका हुशार धंदेवाल्याची गोष्ट वाटते. पण मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. ती झाडं तर कितीतरी आधीपासून उभी होती. हॉटेल नेमकं १८४८ लाच आणि नेमकं तिथेच का निघालं?

माझं उत्तर असं की या बागेमागे तीन गोष्टी होत्या: जकात, रेल्वे आणि रविवार. निसर्गप्रेम होतंच, पण ते या तिघांच्या पाठीवर बसून आलं.

आधी जकात. पॅरिस शहरात येणाऱ्या मालावर कर लागायचा. त्याला फ्रेंचमध्ये शब्द आहे ‘ऑक्त्रुआ’. ओळखीचा वाटला ना? आपण ज्याला ऑक्ट्रॉय म्हणायचो, तो हाच शब्द. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला आणि आपल्या नगरपालिकांच्या पावत्यांवर छापला. मुंबईत १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा कुठे ती जकात गेली. त्याआधी मुलुंडच्या नाक्यावर ट्रकांची रांग ज्यांनी पाहिलीय, त्यांना पुढची गोष्ट लगेच कळेल.

पॅरिसमध्ये करचुकवेगिरी इतकी वाढली की सरकारचा कर गोळा करणाऱ्या ठेकेदारांनी १७८४ पासून शहराभोवती चक्क भिंत बांधायला घेतली. जवळजवळ २४ किलोमीटर लांब. शत्रूसाठी नाही, दारूच्या पिंपांसाठी! जागोजागी नाके, आणि ते नाकेही क्लोद-निकोला लदू या नामांकित वास्तुविशारदानं देवळासारखे खांब लावून उठवलेले. लोकांचा या भिंतीवर इतका राग होता की जुलै १७८९ मध्ये बास्तील पडण्याच्या आधीच त्यांनी यातले कित्येक नाके पेटवून दिले.

भिंतीच्या आत दारू महाग, बाहेर स्वस्त. मग माणूस काय करणार? बाहेर जाणार. ही युक्ती भिंतीच्याही आधीची आहे. अठराव्या शतकाच्या मध्यात जाँ रांपोनो नावाच्या माणसानं बेलव्हीलच्या पायथ्याशी, कराच्या हद्दीबाहेर, गुत्ता काढला आणि इतरांपेक्षा एक सू कमी भावानं दारू विकली. सू म्हणजे तिथला पैसा-आणा समजा. तेवढ्या फरकासाठी अर्धं पॅरिस तिथे लोटलं आणि रांपोनो देशभर प्रसिद्ध झाला.

अशा हद्दीबाहेरच्या जागांना ‘गँगेत’ म्हणायचे. तिथल्या स्वस्त, आंबट दारूच्या नावावरून हा शब्द आला असं मानतात. बाहेर जमीन स्वस्त, त्यामुळे अंगण मोठं. अंगणात झाडं, झाडांखाली बाकडी, मधे नाचायला जागा. बघा, बाग कशी आली ती! आधी कराची हद्द, मग स्वस्त जमीन, मग झाडाखालचं टेबल.

दुसरी गोष्ट रेल्वे. १८४६ साली पॅरिस ते सो अशी लाइन सुरू झाली. सो हे प्लेसी-पिकेच्या शेजारचं गाव. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १८५३ ला, म्हणजे त्याच्या सात वर्षं आधीची ही गोष्ट. ही लाइन मुळात एक प्रयोग होता. आर्नू नावाच्या इंजिनिअरनं डब्यांची चाकं वळणाप्रमाणे वळतील अशी रचना केली होती. त्यामुळे त्याची गाडी अगदी आवळ वळणं घेऊ शकायची. टोकाला इंजिन सोडून दुसऱ्या बाजूला लावायची कटकटच नको, म्हणून रुळांचा गोल फेरा केला होता. गाडी फेरा मारायची आणि तोंड परत दुसरीकडे. मी इंजिनिअर असल्यामुळे असेल, पण हे वाचून मला फार आनंद झाला. पुढे इतर रेल्वेशी जुळत नाही म्हणून ती पद्धत मोडीत निघाली, रूळ नेहमीच्या मापाचे झाले. चांगलं डिझाइन, पण बाकी सिस्टीमशी सुसंगत नाही, हे दुखणं किती जुनं आहे बघा.

पॅरिसमधलं तिचं स्टेशन आजही वापरात आहे: दांफेर-रोश्रो. आरईआर बी तिथे थांबते. कधी गेलात तर त्याची दर्शनी इमारत नीट बघा. ती सरळ नाही, वळलेली आहे, कारण आर्नूच्या रुळांचा फेरा तसा होता. आणि त्याच चौकात लदूचे दोन जुने जकात नाकेही उभे आहेत. म्हणजे १८४६ ला लोक नेमके जकात नाक्यापाशी गाडीत बसत होते. आपल्या गोष्टीतली कराची भिंत आणि रेल्वे दोन्ही एकाच चौकात बघायला मिळतात.

गाडी आली आणि दोन वर्षांत झाडावरचं हॉटेल आलं. सोला उतरायचं आणि पुढचं अंतर पायी किंवा गाढवावर. गाढवावरून रपेट हाही त्या सहलीचा भाग झाला होता.

अशीच गोष्ट सेन नदीकाठच्या शातू गावाची. १८३७ ला तिकडची रेल्वे आली, १८५७ ला फुर्नेझ कुटुंबानं नदीकाठी हॉटेल आणि भाड्याच्या होड्या सुरू केल्या. त्याच हॉटेलच्या सज्जात बसलेल्या मित्रमंडळींचं चित्र रेन्वारनं १८८०-८१ मध्ये काढलं. ते आज जगभर ओळखलं जातं. चित्रात उन्हाळी चांदवा, द्राक्षं, बाटल्या, टोप्या सगळं दिसतं. फक्त ज्या रेल्वेनं पॅरिसकर शातूला यायचे, ती त्या टेबलावर दिसत नाही.

तिसरी गोष्ट रविवार, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची हीच. स्वस्त दारू आहे, गाडी आहे, पण सुट्टीच नसेल तर? फ्रान्समध्ये रविवारी दुकानं बंद ठेवायचा कायदा १८१४ पासून होता. तो कामगारांच्या विश्रांतीपेक्षा चर्चच्या मानासाठी जास्त होता, आणि १८८० ला तोही रद्द झाला. सगळ्यांसाठी आठवड्याची हक्काची सुट्टी आली ती थेट १९०६ च्या जुलैमध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये कूरिएरच्या कोळसा खाणीतल्या स्फोटात हजारावर कामगार गेले होते. त्या संतापाच्या पार्श्वभूमीवर हा कायदा झाला. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला १८९० ला. म्हणजे फ्रान्सच्या त्या कायद्याच्याही सोळा वर्षं आधी. हे मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगतो, वाचून छाती जरा फुगली.

तर गेस्कँच्या झाडाकडे परत येऊ. धंदा चालला म्हटल्यावर नकला होणारच. आसपासच्या झाडांवरही माच चढले, टोपल्या लटकल्या. शेवटी १८८८ साली हॉटेलचं नाव बदलून ठेवावं लागलं: ‘रॉबिन्सनचं खरं झाड’. पुण्यात ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी लावतात, अगदी त्यातला प्रकार. गंमत म्हणजे रॉबिन्सन काल्पनिक, त्याचं झाडही काल्पनिक, आणि भांडण मात्र खरं झाड कुणाचं यावर!

१८९३ ला रेल्वेनं एक फाटा काढला आणि त्याच्या टोकाच्या स्टेशनला रॉबिन्सन हेच नाव मिळालं. १९०९ ला तर गावानंच आपलं नाव बदललं. प्लेसी-पिकेचं झालं ल प्लेसी-रॉबिन्सन. एका हॉटेलच्या पाटीवरचा शब्द सरकारी नकाशावर गेला.

मग हे सगळं गेलं कुठे? ज्या गणितावर ते उभं होतं, तेच बदललं. १९३६ ला फ्रेंच कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. दोन आठवडे हातात असले की माणूस दहा-बारा किलोमीटरवर कशाला थांबेल? तो समुद्र गाठतो. १९४३ ला जकात गेली. युद्धानंतर मोटारी आल्या. शहर वाढत वाढत टेकडीपर्यंत पोचलं. १९२० च्या दशकापासूनच तिथे कमी भाड्याच्या घरांची एक बागनगरी उभी राहू लागली होती. म्हणजे जिथे लोक एका दिवसापुरते झाडं बघायला यायचे, तिथेच ते राहायला आले. झाडांवरची हॉटेलं एकेक करून बंद झाली. १९७७ ला जुनी सो लाइन आरईआर बी झाली, आणि रॉबिन्सन हा शब्द इंडिकेटरवर राहिला, जिथे तो मला दिसला.

वाईट वाटून घ्यावं का? मला नाही वाटत. पगारी रजा मिळून एखादं हॉटेल बंद पडत असेल तर तो सौदा चांगलाच आहे. तिथे सगळं स्वस्त होतं असंही नाही. झाडावर कोंबडी आणि शॅम्पेन मागवणारे खिशानं बरे असायचे. पण त्याच गाडीनं, त्याच रविवारी, त्याच झाडीत कारकून, शिवणकाम करणाऱ्या मुली आणि विद्यार्थीही यायचे. तिथे पोचायला लोकलचं तिकीट पुरायचं.

हे मला आमच्या पुण्याच्या आसपास खटकतं. मुळशी रोडला, सिंहगडाच्या बाजूला, शेतातली, बागेतली जेवणाची ठिकाणं भरपूर निघालीत. झोपाळे आहेत, चुलीवरची भाकरी आहे, मुलांसाठी झाडावरचं घरसुद्धा आहे. पण जायचं कसं? गाडी काढून. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याच्यासाठी ती बाग नाहीच. चुलीवर भाकरी थापणाऱ्या मावशी सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या घरच्यांना घेऊन अशा ठिकाणी जेवायला जाऊ शकतात का, हा प्रश्न मी मागच्या वेळी मिसळीची ऑर्डर देताना विचारला नव्हता. आता पुढच्या वेळी पार्किंगमध्ये गाडी लावताना तो आठवेल.

तुमच्या गावाजवळ अशी एखादी जागा असेल, जिथे एसटीनं किंवा लोकलनं जाऊन झाडाखाली जेवता येतं, तर नक्की कळवा. पुढच्या भागात त्यातल्या एखाद्या ठिकाणी जाऊन बोलू. गाडी न काढता.