मिर्झांच्या हवेलीतला उजेड

मे महिन्यात आम्ही चंद्रपूरकर सकाळी दहालाच दारं-खिडक्या लावून घेतो. कवेलूंच्या फटीतून उजेडाच्या दोन-चार तिरप्या रेघा तेवढ्या उतरतात, बाकी खोली अंधारी. असाच दारा-खिडकीतून येईल तेवढाच उजेड असलेलं मुसलमानाचं घर मी पडद्यावर पहिल्यांदा पाहिलं ते 'गर्म हवा'मध्ये. कॅमेरा ईशान आर्य यांचा.

त्याआधी हिंदी सिनेमातलं मुसलमान घर म्हणजे नवाबाची हवेली. 'चौदहवीं का चाँद', 'मेरे महबूब', 'पाकीज़ा'. झुंबरं, रेशमी पडदे, चेहऱ्यावर चांदण्यासारखा प्रकाश. मला हे सिनेमे आवडतात, 'पाकीज़ा' तर कितीदा पाहिला असेल. पण त्या घरांत भाड्याची किंवा बँकेच्या कर्जाची चिंता कुणाला नसते. 'गर्म हवा'तले सलीम मिर्झा आग्र्यात जोड्यांचा कारखाना चालवतात, आणि फाळणीनंतर त्यांना कर्ज मिळत नाही की भाड्याने घर मिळत नाही. (हे वाचून काहींना आजची आठवण येईल, त्याला माझा इलाज नाही.)

आर्य जाहिरातपटांतून आलेले. हा त्यांचा पहिला कथापट, आणि निर्मितीतही त्यांचा वाटा होता. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचं कर्ज तुटपुंजं, उसना कॅमेरा, आणि जागेवर आवाज घ्यायचं यंत्रच नाही. सगळे संवाद नंतर मुंबईत डब केले. १९७३ साली एप्रिलमध्ये डबिंग आटोपल्यावर लगेच बलराज साहनी गेले. आग्र्यात शूटिंगला विरोध झाला, तेव्हा दिग्दर्शक एम. एस. सथ्यूंनी रिकामा कॅमेरा देऊन एक खोटं युनिट दुसरीकडे पाठवलं, गर्दी त्याच्या मागे गेली.

पैसे नव्हते म्हणून सिनेमा असा साधा दिसतो, असं म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. जाहिरातीत काम केलेल्या माणसाला चकचकीत दाखवणं काय जमलं नसतं? हवेली रिकामी करायची वेळ येते तेव्हा म्हातारी दादी अंधाऱ्या कोठडीत जाऊन लपते. तिथे एक जादा दिवा लावला असता तर तो प्रसंग नुसता रडका झाला असता. पुढे शेवटच्या श्वासासाठी तिला पालखीतून त्याच घरात आणतात.

नंतर बापू यांच्या 'मुत्याल मुग्गु' या तेलुगू सिनेमासाठी १९७५चा राष्ट्रीय पुरस्कार आर्यांना मिळाला. १९८२च्या 'बाज़ार'मध्ये त्यांनी हैदराबादची घरं टिपली, जिथल्या गरीब मुली लग्नाच्या नावाखाली विकल्या जात. अभिनेत्री सुलभा आर्य त्यांच्या पत्नी, मुलगा समीरही छायालेखक.

२०१४मध्ये 'गर्म हवा' दुरुस्त होऊन पुन्हा प्रदर्शित झाला. पुढे मी तो घरी खालाला दाखवला. कोठडीचा प्रसंग संपल्यावर तिने विचारलं, "ये किसका घर है रे?"

"आग्रे की पीपल मंडी में है. माथुर लोगां का."

"माथुर?" म्हणाली, आणि पुन्हा पडद्याकडे बघत राहिली.